आधी स्टॉपचं नाव

"परत म्हणा," पवित्रा म्हणाली.

परसूनं घसा खाकरला. "म्हणजे बघा, आता काय आहे, कंपनीचं स्वल्प असं चाललंय की..."

"बस पुढं गेली," भाजी चिरता चिरता पवित्रा म्हणाली. "माणसं पुढच्या स्टॉपवरून तुम्हाला शिव्या घालत चालत येतायत."

पवित्रा सिटी बसवर कंडक्टर. तिच्या एका हाकेला गच्च भरलेली बस रिकामी व्हायची. तिचा नवरा परसू बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर होता. त्याचं बोलणं मशीनच्या घरघरीत हरवायचं, मशीन बंद असलं तरी.

तरीही मॅनेजर पुष्करसरांनी त्यालाच सुपरवायझर केलं. "आम्हाला अगदी तुझ्यासारखाच लीडर हवा होता," असं खांद्यावर हात ठेवून सांगितलं. सोमवारी सगळ्यांपुढं पहिलं भाषण. बिनबोभाट पार पडलं तर नोकरी कायम, नाहीतर बाकीच्यांबरोबर घरी.

बाकीचे घरी जाणार, हेच त्या भाषणात सांगायचं होतं. परसू पवित्राशेजारी येऊन बसला.

"शेजारच्या लेथवरचा सुरज रोज माझ्या डब्यातलं खातोय. त्याच्या तोंडावर कसं सांगू?"

"मग त्यानं रिकाम्या शेडला येऊन ओळखायचं होय?" पवित्रानं विळी बाजूला सारली. "आधी स्टॉपचं नाव. बाकीचं मागनं. आणि पुन्हा ते कन्नडातलं 'स्वल्प', 'जरासं' म्हणालात तर जेवायला वाढणार नाही."

रविवारी परसू उपाशी झोपला.

सोमवारी तो लाकडी खोक्यावर चढला. पुष्करसर बाजूला उभे राहून मोबाइलवर रेकॉर्डिंग करत होते. समोर सुरज होता. परसूनं श्वास घेतला.

"पुढच्या महिन्यात मशिनं तुमकूरला जाणार. माणसं घरी."

तो थांबला. मग तेच कन्नडात सांगितलं, मग हिंदीत. इतका खणखणीत आवाज आपलाच आहे, हे त्यालाही क्षणभर पटेना.

सुरजनं हातमोजे काढून ठेवले. "कळलं, अण्णा," तो म्हणाला, आणि गेटकडं निघाला. त्याच्यामागून सगळे. त्या दिवशी एकही मशीन सुरू झालं नाही. दुपारपर्यंत गेटवर युनियनवाले आले, त्यांच्यामागून टीव्हीवाले.

पुष्करसरांनी परसूला केबिनमध्ये बोलावलं.

"सर," परसूनं विचारलं, "स्पष्ट झालं ना?"

"परसू, कामगारांना सांगणं कायद्यानं भाग होतं," पुष्करसर म्हणाले. "त्यांना कळणं भाग नव्हतं. नाहीतर अख्ख्या शेडमधून तुला कशाला निवडलं असतं?"