अर्धा फर्मा

अण्णांनी जुन्या डबलबेडची उशाकडची फळी टेम्पोत घालून नारपोलीला रामनाथ सुताराकडे आणली.

“मधोमध काप. आता एकट्यापुरता पलंग पुरे.”

शेजारच्या यंत्रमागांच्या धडधडाटात दोघांनाही ओरडूनच बोलावं लागत होतं.

“कुठली बाजू ठेवू?”

“डावी.”

रामनाथ हसला. ही फळी त्यानेच केली होती. त्याने भिंतीवरचा प्लायवूडचा अर्धा फर्मा काढला, फळीच्या डाव्या वळणावर ठेवला, मग पालथा करून उजव्या वळणावर. दोन्हीकडे तंतोतंत बसला.

“याच्याच कडेने राऊटरचं पातं फिरवलंय, अण्णा. दोन्ही बाजू सारख्याच हायत, केसाचा फरक न्हाय. उलट डावीला तेलाचा डाग पडलाय. उजवी ठेवा.”

“डावीच ठेव.”

“तुम्ही डावीकडे झोपता काय?”

“मी नाही. ती झोपायची.”

अण्णांचा आवाज खाली आला होता. रामनाथने कान पुढे केला.

“काय?”

अण्णांना ते पुन्हा, ओरडून सांगावं लागलं.