जाळ्यावरचं कृष्णकमळ

समुद्राला वाहायचा नारळ. तारापूरच्या नव्या वीजघराच्या वसाहतीत राहणाऱ्या, ओळखीच्या गोजराबाईंनी दिलेली एक फांदी. सातपाटीच्या अंगणात टांगलेलं जाळं. एक टपोरी कळी.

नारळीपौर्णिमेच्या सकाळी हे सगळं जमनाच्या अंगणात एकत्र आलं. त्या फांदीचा वेल पावसाळाभर फोफावून जाळ्यावर चढला होता. कृष्णकमळाची पहिली कळी आज फुलणार होती आणि नवऱ्याला, नवशाला, आजच जाळं होडीत न्यायचं होतं.

"कापू का वेल?" नवशाने कोयता उचलला.

"थांब ना घडीभर! एकच दिस ऱ्हातंय ते फूल. चुकी माजीच हाय, जाळं टांगायच्या जागी लावला मी."

"मग फुलाचं कालवण कर रातच्याला!"

तेवढ्यात कळी हलली.

"उमलली! जानू, धाव, तुज्या भावाला धर!" जमना ओरडली. दीर धावला, शेजारणी टोपल्या टाकून धावल्या. पाकळ्या मागे वळल्या, जांभळ्या तंतूंचं चक्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उलगडलं. जमनाने टाळ्याच पिटल्या.

नवशाने कोयता खाली ठेवला. "जानू, मी तुज्याच होडीत येतो. आमचं जाळं तर हिच्या वेलानं खाल्लं."

जमना ओशाळली, पण तिचं हसू काही मावेना.

ज्येष्ठात ती पालघरच्या बाजाराला गेली असताना, जमिनीवर लोळणाऱ्या वेलाला आधार म्हणून ते जाळं नवशानेच, तिला न सांगता, तिथे आणून टांगलं होतं.