बाहीतली काच

तुम्ही राजधानीत बसून लिहून टाकलंत की काच म्हणजे चैन. गॅस कमी आहे, तो घरांना आणि दवाखान्यांना हवा, पेले नाही झाले तरी कोणाचं अडत नाही. वर अट घातलीत. शनिवारच्या वितळणीत पाचवा हिस्सा गॅस वाचवून दाखवा, नाहीतर संध्याकाळी गॅसचा नळ बंद. आणि नळाला सील ठोकायला रादिम नावाचा एक पोरगेला अधिकारी पाठवलात. तुमच्यापैकी एकाने तरी पेटती भट्टी जवळून पाहिली आहे का?

रादिम सकाळीच येऊन मीटरसमोर खुर्ची टाकून बसला. भट्टी सांभाळते ती द्राहोमिरा. ती त्याला समजावत होती की ही घरची शेगडी नव्हे. एकदा थंड झाली की आतली मातीची मडकी तडकतात, छत खाली बसतं, आणि नवी बांधायची ऐपत बोहेमियाच्या या कोपऱ्यात आता कोणाची राहिलेली नाही. भट्टी गेली की गाव गेलं. रादिम म्हणाला, नियम मी केलेले नाहीत.

वाट एकच होती. वाळू वितळवायला आग जास्त लागते, फुटकी काच वितळवायला कमी. मडक्यांत वाळूऐवजी काचच भरली तर जमणार होतं. पण कारखान्यातले तुकडे आदल्या आठवड्यातच संपले होते. बिअरच्या बाटल्या चालत नाहीत, खिडक्यांची तावदानंही नाहीत. परकी काच मिसळली की थंड होताना दोघींचं पटत नाही. नक्षी कोरायला पेला हातात घ्यावा आणि तो हातातच तडकावा. हवी होती ती याच भट्टीची काच.

ती कुठे आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. फक्त मालकांना नव्हतं.

सुट्टीच्या वेळात उरल्यासुरल्या काचेतून घरच्यांसाठी काहीबाही फुंकायचं आणि कोटाच्या बाहीत घालून बाहेर न्यायचं, ही आमच्याकडची रीत. बाप नेतो, मग लेक नेते. बोलत कोणी नाही. मालक ओताकार कालिना रोज फाटकाशी उभे राहून पिशव्या तपासायचे. बाह्या त्यांनी कधी तपासल्या नाहीत.

द्राहोमिरा सायकल घेऊन गावात गेली. दारोदार तिने एवढंच सांगितलं की बाहीतलं बाहेर काढा.

तासाभरात फाटकाशी ही झुंबड. हातगाड्या, ढकलगाड्या, एका बाईने तर बाळ कडेवर घेऊन बाबागाडी भरून आणली होती. काचेची डुकरं, काचेचे कार्प मासे, बिअर प्यायचे बुटाच्या आकाराचे पेले, बारशाचे पेले, आज्यांच्या साखरेची भांडी. पेन्शनीत निघालेले बोहुमिल काका आख्खं झुंबर घेऊन आले. हे कुठल्या बाहीतून नेलंत म्हणून लोकांनी त्यांना छेडलं. काका शांतपणे म्हणाले, एकेक लोलक नेला, घाई कशाची होती. हसून हसून माणसं वाकली.

कालिना दारात उभे होते. रागाने लाल.

"हे सगळं माझ्या फाटकातून गेलं?"

"तुमच्या नाकासमोरून, मालक," द्राहोमिरा म्हणाली. "आता तसंच परत येतंय. सरका जरा, गाडी येऊ द्या."

कालिना सरकले. मग टोपी घालून तरातरा घरी गेले, आणि परतले तेव्हा त्यांच्या काखेत तसाच बिअरचा एक भलामोठा काचेचा बूट होता. कोणी काही विचारलं नाही. त्यांचीही सुरुवात फुंकणी हातात धरूनच झाली होती.

मग हातोड्या चालल्या. कोणी फोडतंय, कोणी धुतंय, कोणी फावड्याने भट्टीच्या तोंडात लोटतंय. मीटर हळू सरकत होता. रादिमने कधी कोट काढला, कधी बादल्या उचलायला लागला, त्याचं त्यालाही कळलं नाही. शेवटच्या मडक्याला जेमतेम एक फावडं कमी पडलं. गाड्या रिकाम्या होत्या.

द्राहोमिराने कपाटातून तिच्या डब्याची पिशवी आणली. आत फडक्यात गुंडाळलेला काचेचा बंद गोळा होता. तिच्या नवऱ्याने आजारपणाआधी फुंकून तोंड बंद केलेला. आत त्याचा श्वास होता. तिने तो एकदा गालाला लावला आणि हातोडी मारली.

संध्याकाळी रादिमने मीटर वाचला. पुन्हा वाचला. पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्तच गॅस वाचला होता. काच उतरली होती ती पाण्यासारखी नितळ. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. कालिनांनी स्लिवोवित्सा, आमच्याकडची आलुबुखारची दारू, काढली आणि बोहुमिल काकांना पहिला घोट स्वतःच्या हाताने पाजला. रादिम तुम्हाला फोन करायला धावत अंगणात गेला. खिडकीतून तो हसताना दिसत होता. मग हसायचा थांबला.

तो आत आला तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते.

"अभिनंदन सांगितलंय," तो म्हणाला. "म्हणाले, एवढ्यात भागतं हे तुम्हीच सिद्ध केलंत. यापुढे दर वितळणीला एवढाच गॅस मिळेल."

आज आमच्या गावात एका घरात काचेचं डुकरूसुद्धा उरलेलं नाही. पुढच्या शनिवारी मडक्यांत काय भरायचं? रादिमला ठाऊक नाही. तो म्हणतो, वर विचारा. म्हणून विचारतोय. बोला.