केंद्रावरचा आडोसा

“गाठ सोडा, इंदुबाई.”

कचरा तपासणाऱ्या हिरामणने टेबलावर हात आपटला. मागे रांग वाढत होती. पेणमधल्या त्या वॉर्डातल्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रावर नवा नियम लागला होता. काच आणि औषधांचा कचरा घंटागाडीत घ्यायचा नाही. ज्याने त्याने तो केंद्रावर आणायचा आणि पिशवी फाटकातच उघडून दाखवायची.

“काचच हाय. धुऊन आणलीय,” इंदुबाई म्हणाली.

“उघडल्याबिगर घेता येत नाय. मॅडम उभ्या हायत.”

इंदुबाईने गाठ सोडली. आत दारूच्या बाटल्या होत्या. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बचत गटातली मनस्वी मागेच उभी होती. तिने मान फिरवली.

इंदुबाई विधवा, घरात एकटी. पोह्याचे पापड करणाऱ्या त्या गटाची ती अध्यक्ष होती. तिच्या नावावर मुंबईहून ऑर्डरी येत.

मॅडम म्हणजे मृणाली, पालिकेची स्वच्छता निरीक्षक. ह्याच गावची. मिसळलेल्या कचऱ्यातल्या काचेने हिरामणचं बोट तुटता तुटता वाचलं, तेव्हा हा नियम तिनेच पुढे रेटून मंजूर करून घेतला होता.

“मावशी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,” ती हळूच म्हणाली.

“नियम मोडला काय मी, मॅडम?”

“नाही.”

“मग घ्या तर.”

संध्याकाळपर्यंत आळीत सगळ्यांना कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात इंदुबाई पुन्हा आली. पिशवी तशीच जड होती.

“भंगारवाल्याला का देत नाय?” हिरामणने कळवळून विचारलं.

“तो गल्लीभर आरडून सांगतो.”

“आणि हितं काय वेगळं होतंय?”

“तेच बदलायचंय,” इंदुबाई म्हणाली आणि तिने सगळ्यांदेखत गाठ सोडली.

त्या दिवसापासून ती कामाला लागली. नगरसेवकाकडे गेली, मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर बसली, घरोघर फिरली. तिचं मागणं साधं होतं. पिशव्या तपासा, पण आडोसा करून तपासा. काही दारं तिच्या तोंडावर बंद झाली. काही बायकांनी मात्र आत बोलावून चहा दिला. कुणाच्या घरात टीबीची औषधं होती, कुणाच्या सुनेला वेडावरच्या गोळ्या चालू होत्या. त्या फाटकात उघडायच्या कशा?

गटाची बैठक झाली तेव्हा मनस्वीच बोलली.

“इंदुबाई, लोक विचारतात. आम्ही काय सांगायचं? एवढंच बोल, की त्या बाटल्या तुझ्या नायत.”

इंदुबाईने सगळ्यांकडे पाहिलं. या बायकांना तिने पापड लाटायला शिकवलं होतं, बँकेत सही करायला लावलं होतं.

“पिशवी माझीच हाय,” ती म्हणाली.

तिने कमरेची गटाच्या कपाटाची किल्ली काढून मनस्वीपुढे ठेवली आणि ती उठली. घरी पोचेपर्यंत तिने डोळ्यांना पदर लावला नाही.

नियमावर हरकती ऐकायला पालिकेने सभा ठेवली. हॉल भरला होता. मृणालीने ठामपणे सांगितलं, “चारचौघांत पिशवी उघडते म्हणूनच लोक कचरा वेगळा करतात. आडोसा दिला की पुन्हा मागचंच सुरू होईल.”

इंदुबाई उभी राहिली. “मॅडम, हिरामणचं बोट कापलं ते मलाबी लागलं. पिशवी उघडायलाच पायजे. पण बघणारा एकटा हिरामण पुरे. अख्खा रस्ता कशाला? लाजेपायी माणसं आता काच खाडीत टाकायला लागलीत. ती उद्या कोळणींच्या पायात जाणार.”

“पिणाऱ्यांनाच लाज!” मागून कुणीतरी ओरडलं. हॉल हसला.

ती मागे वळली. “व्हय, बाटल्या मीच आणते. हसून घ्या. झालं की आडोशाचं बोला.”

हसू विरलं. मग टीबीची औषधं घेणारा माणूस स्वतःच उभा राहिला. त्याच्यामागून एक सून उठली, सासूचा हात धरून. शेवटी मृणालीनेच माईक घेतला. “माझं चुकलं. आडोसा करू.”

बाहेर पायऱ्यांवर तिने इंदुबाईला गाठलं. “मावशी, रागावू नका. पण सोडा ती. अलिबागला एक चांगले डॉक्टर आहेत, व्यसन सोडवतात. कुणाला कळणार नाही.”

“नाव सांगा त्यांचं,” इंदुबाई म्हणाली. तिने ते दोनदा म्हणून पाठ केलं.

सोमवारी दुपारी ती रिकामी पिशवी घेऊन परसातल्या वाटेने हौसाकडे गेली. दोघी एका वर्गात होत्या, एकाच मांडवात दोघींची लग्नं लागली होती. हौसाने मागचं दार अर्धंच उघडलं. तिचे हात कापत होते.

“इंदू, सभेतलं कळलं मला. मी सांगते सगळ्यांना खरं.”

“सांगशील. आधी बरी हो. शुक्रवारी अलिबागला जायचंय, डॉक्टरचं नाव मिळालंय. मी हाय बरोबर.”

हौसाने चुलीमागून बाटल्या काढल्या आणि एकेक करून पिशवीत ठेवल्या. मग घाईने रस्त्याकडे पाहिलं.

“लवकर नीघ गो. मृणाली आज जेवायला घरी येते बोललीय. ‘आई, गरम भाकरी कर’ बोलली.”