भिंतीतली टाकी

नवनाथने हीटरची पिन उपटली तेव्हा टाकीतलं पाणी चांगलं कोमट होतं. आजपासून चार दिवस पाणी त्याचं होतं. त्याने फ्रीजरमधल्या बर्फ झालेल्या दोन बाटल्या आणल्या आणि टाकीत सोडल्या. थंडीचे दिवस होते, बर्फाची तशी गरज नव्हती. पण थोरल्या भावाने तापवलेलं पाणी उतरवायची घाई होती.

दारात दात घासत उभा असलेला रविराज बाहेर फेस थुंकून आला. "मार माझ्या माशांना," तो म्हणाला.

"तुझे चार दिवस होते तेव्हा माझे न्यूट तू पाळण्यात घातले होतेस काय, दादा?"

चाकणजवळच्या त्या घरात सगळ्याच्या वाटण्या झाल्या होत्या. चुली दोन, जिने दोन, विजेचे मीटर दोन. फक्त मधली खोली वाटायची राहिली होती, कारण तिच्या भिंतीत वडिलांनी, गेनबांनी, हौसेने काचेची टाकी बांधून घेतली होती. ती उचलता येत नव्हती. ज्याची टाकी, त्याची खोली, असं दोघांनीही मनाशी धरलं होतं. टाकीत रविराजचे एंजल मासे होते, म्हणजे ताबा त्याचा. मग लोक मोकळ्या वावरात रातोरात खांब रोवतात, तसे नवनाथने चिंचवडच्या दुकानातून चार न्यूट आणून सोडले.

न्यूट म्हणजे पाण्यातली पालच म्हणा. पाठ काळी, पोट शेंदरी, चाल सावकाश. दुकानदाराने बजावलं होतं, यांना गार पाणी लागतं, माशांना उबदार. शिवाय यांच्या कातडीतून विष सुटतं, एकत्र ठेवू नका. विषाचं ऐकून नवनाथला जास्तच हुरूप आला.

भांडण भावकीतल्या आबाजींकडे गेलं. त्यांनी जुना तोडगा काढला. पूर्वी विहिरीचं पाणी चार-चार दिवसांच्या पाळीने घ्यायचे, तसंच टाकीचं घ्या. ती विहीर कधीच बुजली होती, तिच्यावर आता एका कंपनीचं गोदाम होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. दोघांनी लगेच मान डोलावली. रविराजच्या पाळीत हीटर, नवनाथच्या पाळीत बर्फ.

गरम पाण्यात न्यूट काचेला पाय लावून वर वर सरकायचे, बाहेर निघायला बघायचे. गार पाण्यात मासे कोपऱ्यात गोळा होऊन पंख मिटायचे. दुसऱ्याचं तडफडताना बघून बरं वाटायचं, आपलं तडफडताना बघवायचं नाही. बादलीत काढून ठेवले असते तर कुणाचेही वाचले असते. पण बादलीत काढलं म्हणजे टाकी सोडली, आणि टाकी सोडली म्हणजे खोली गेली.

दोघांची आई, तानाबाई, मधल्या खोलीतल्या कॉटवर बसून होती. तिचे पाय सुजले होते. पायाशी भरलेली कापडी पिशवी होती. त्या सकाळी तिच्याकडे दोघांपैकी कुणी पाहिलं नाही. नवनाथने बाटल्या पाण्यात नीट दाबल्या आणि कंपनीची बस गाठायला धावला.

शिफ्ट करून तो परत आला तेव्हा रविराज टाकीपुढे खाली बसलेला होता. मासे पाण्यावर आडवे तरंगत होते. त्यातला सगळ्यात मोठा, गेनबा असताना त्यांच्या बोटातलं खाणं घ्यायला वर यायचा तो, रविराजच्या ओंजळीत होता. नवनाथ खाली वाकला. न्यूट तळाशी होते, शेंदरी पोटं वर करून. त्याने एकाला बोटाने हलवलं. मग दुसऱ्याला. मग तो रडला, आणि दादासमोर रडलो याचाच त्याला जास्त संताप आला.

"तुझ्या बर्फानं गेले हे," रविराज म्हणाला.

"आणि माझे? तू शिजवलेस ते. चार दिवस शिजवलेस."

"विषारी पाली आणल्यास घरात आणि वर तोंड करून बोलतोस?" रविराजने ओंजळीतला मासा खाली ठेवला आणि धाकट्याची कॉलर धरली. नवनाथने त्याच्या छातीत गुद्दा हाणला. रविराजची पाठ टाकीवर आदळली, आतलं पाणी हिंदकळलं आणि मेलेले मासे एका बाजूला जमा झाले.

"कॉलर सोड, रवी," तानाबाई म्हणाली. आवाज चढवायचं त्राण तिच्यात नव्हतं. "इखानं न्हाई मेलं त्ये. चार दिस ऊन, चार दिस गार. कुठला जीव तगंल असा?"

दोघांचे हात खाली आले. तरी रविराज शर्ट सारखा करत पुटपुटलाच, "म्हणजे आता खोली कुणाची?"

तानाबाईने सुजलेले पाय जमिनीला टेकवले आणि पिशवी मांडीवर घेतली.

"आज एक तारीख हाय, नवनाथ. ह्या महिन्याला मी तुझ्या वाट्याला," ती म्हणाली. "रवीच्या डाक्टरच्या गोळ्या सकाळपासनं बंद केल्यात. तुझ्या वैद्याचा काढा कवा उकळतूस?"