कोकरांची गाडी

“अवं, चला की! मेंढरं टेकाडापार गेली, आन् तुमी अजून मुंडासंच बांधताय!”

लग्नाच्या पहिल्या साली माळावरून आलेली केराबाईची ही हाक धुळाच्या कानात अजून ताजी होती. तेव्हा डोक्यावर पाटी, कडेवर कोकरू, तरी ती कळपाच्या पुढे असायची. आज अक्कलकोट रस्त्यावरच्या ईरप्पा सुताराकडे येताना ती वाटेत ठायी ठायी बसली. दर वेळी म्हणाली, चपलेत खडा गेला.

दिवाळी सरली की मेंढरं घेऊन लांब चारणीला निघायचं. थोरला लेक म्हणत होता, औंदा आईला घरीच ठेवू. ते ऐकलं की केराबाई ताटावरून उठायची. आणि धनगराची बाई मेंढरांबरोबर गाडीत बसून जाते, असं उभ्या वाड्यावस्तीत कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून धुळानं तिला सांगितलं होतं, गाडी कोकरांसाठी करायचीय.

ईरप्पानं हौसेनं एकेक गाडी दाखवली. “हा खटारा. खत वाहा, कडबा वाहा; माणूस बसला तर आतडी हलत्यात. ही दमणी, पावण्यांची. ऐटीत हाय, पर बैल लागत्यात आन् चढाय उंच. ती टायरची, कारखान्याला ऊस न्यायची.”

“माज्याकडं एक तट्टू हाय,” धुळा म्हणाला. “टायरचीच कर, पर ल्हान. बूड लई खाली घे. चढाय पायरी ठेव.”

“कोकरांना पायरी?”

“असू दे की. खाली टांग्याच्या जुन्या कमानी घाल, धक्का बसाय नगं. वर ताडपत्री. बसाय एक फळी, तिला आडवी पट्टी. आन् फळीचं तोंड मागं.”

“ती वो कशाला?”

“मेंढरं मागनं येत्यात. कोकरांना आया दिसाय नगंत?”

खांबाला धरून उभी असलेली केराबाई बोलली, “आन् फळीला ती आडवी पट्टी? कोकरांची पाठ धरती व्हय?”

ईरप्पा मिशीतल्या मिशीत हसत रंधा शोधू लागला.

“औंदाची कोकरं म्हाताऱ्या मेंढीची हायत,” धुळा कसाबसा म्हणाला. “लई नाजूक.”

“म्हातारी कुणाला म्हणताय?”

“मेंढीला की!”

अंगणात एक अर्धवट झालेली लहान गाडी उभी होती. ईरप्पानं तिच्यावर फळी टाकली. “अक्का, जरा बसून बघा. म्हंजे मला माप कळंल.”

“कोकरांचं माप माज्यावरनं घेणार तू?” केराबाई म्हणाली, पण आली. चाकाला हात लावून क्षणभर थांबली. ईरप्पानं पाठ फिरवली. धुळानंही.

ती मागं तोंड करून बसली तशा पुढच्या दांड्या वर गेल्या. तट्टू जुंपलेलं नव्हतं. धुळानं स्वतःच त्या खाली दाबून धरल्या. मग हळूच ओढून बघितलं. गाडी चालली. कमानी नव्हत्या, तरी धक्का कमीच होता. तो अंगण ओलांडून रस्त्याच्या कडेला आला. पुढं उघडा माळ होता, वाळलेल्या गवताचा, आणि धुळाच्या पाठीशी केराबाईची पाठ. दोघांची तोंडं दोन दिशांना.

“कसं वाटतंय?” त्यानं विचारलं. मग घाईनं म्हणाला, “कोकरांना सोसंल का?”

धुळा तसाच ओढत राहिला. थांबलो तर वळून बघावं लागेल, आणि वळलो तर ती उतरेल, असं त्याला वाटलं.

“अवं,” केराबाई म्हणाली.

“काय?”

“मला चालवत न्हाय आता. गेल्या सालापास्नंच चालवत न्हाय. पर मला ठिवून जाऊ नगासा.”