व्याह्यांकडची बंदूक

पहिला बार उडालाच नाही. बंदुकीचा घोडा पडला, दारू पेटवणारी टोपी नुसतीच टचकन वाजली आणि चांदमारीवर पुन्हा होल्यांचं घुमणं ऐकू यायला लागलं.

"नळी समोर!" सुभेदार भीमराज ओरडले. "एक मिनिट कुणी हलायचं न्हाई. ठासणीची बंदूक हाय, उशिरानंबी उडते."

फौजेतून निवृत्त झालेल्या भीमराजांनी वारंगा फाट्याजवळच्या टेकडीच्या पोटाशी परवाना काढून ही नेमबाजीची जागा, चांदमारी, थाटली होती. इथं शब्द चाले तो त्यांचाच. मुंजाजी बंदूक खांद्याला लावून तसेच उभे राहिले. शेजारी बंदुकीचे मालक, त्यांचे व्याही ग्यानोबा. दोन व्याह्यांनी मिनिटभर गप्प उभं राहणं काही बरं दिसत नाही.

"शांत हाय बंदूक," मुंजाजी म्हणाले. "मला अशीच पायजे व्हती."

"आमच्या घरचं समदंच शांत," ग्यानोबा म्हणाले.

मागं डब्याची पिशवी धरून उभ्या असलेल्या आकांक्षानं आभाळाकडं पाहिलं. ती मुंजाजींची लेक आणि ग्यानोबांची सून. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात तिच्या बापानं तिच्या सासरच्या चमच्यालाही नाव ठेवलं नव्हतं. लेक दिली त्या घराला नावं ठेवायची नाहीत, हा त्यांचा नेम. आता ग्यानोबा आपली बंदूक त्यांना देणार होते; कागद तयार होते, शिक्के बसले होते, फक्त मुंजाजींची सही राहिली होती. तिकडं रानडुकरांनी दीड एकर भुईमूग उलथून टाकला होता, त्यामुळं त्यांना वाजणारी बंदूक हवी होती. न वाजणारी नाकारता आली असती. पण तसं तोंडानं म्हणावं लागलं असतं.

दुसरी टोपी. टच.

"नळी समोर! एक मिनिट!"

"वजनदार हाय," मुंजाजी म्हणाले. "हातात घेतली की वाटतं, कायतरी घेतलं."

"आमच्या वडलांनी एकदा वाघाला दाखवली व्हती."

"मग?"

"बघून गेला की."

तिसऱ्या टोपीला दस्त्याच्या लाकडाची तारीफ झाली. चौथ्या मिनिटाला तारीफ करण्याजोगा भाग उरेना, तेव्हा मुंजाजींनी पट्ट्याची शिलाई वाखाणली. तो पट्टा त्यांनी स्वतःच परवा जवळा बाजारातून आणला होता आणि आज इथं आल्यावर लावला होता. ग्यानोबांनी मान डोलावून तीही तारीफ ठेवून घेतली.

भीमराज मात्र कुणाचेच व्याही नव्हते. त्यांनी बंदूक हातात घेतली, घोडा वर केला आणि डोळा बारीक करून पाहिलं.

"टोपीखालचं भोक बुजलंय. आग दारूपर्यंत जाऊनच न्हाई राहिली. किती वर्षं साफ केली न्हाई हो?"

ग्यानोबा टेकडीकडं बघायला लागले.

"बारीक तार पायजे."

आकांक्षानं बांगडीत अडकवलेली सेफ्टीपिन काढून पुढं केली. भोकातून काळा कीस निघाला, मागोमाग वाळलेल्या तेलाचा खडा निघाला. मुंजाजींनी पाचवी टोपी बसवली आणि चाप ओढला.

टेकडीनं आवाज दोनदा परत केला. पांढऱ्या धुरात चौघंही दिसेनासे झाले. त्या धुरातून पहिला आवाज आला तो ग्यानोबांचा.

"वाजली! आरं, वाजली की ही!"

देणाऱ्याच्या तोंडी एवढं नवल शोभत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, पण तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं.

समोरच्या पत्र्यावर चुन्यानं काढलेल्या डुकराला कानापाशी भोक पडलं होतं. मग ग्यानोबांना राहवेना. "एक बार मलाबी द्या." भीमराजांनी पुन्हा दारू ठासून दिली. ग्यानोबांनी पोटावर नेम धरला आणि शेपूट उडवली. दोघांची तोंडं काजळीनं माखली. दोघं लेकरांसारखे हसले.

भीमराजांनी सहीचा कागद पुढं केला. ग्यानोबांनी बंदूक छातीशी धरली.

"धुरानं खराब झाली की. घरी नेतो, तेलपाणी करतो, पोळ्यापर्यंत देतो धाडून."

"तुमाला काहून तकलीफ? म्या करतो."

"तकलीफ कसली? तुमचीच हाय ती." तुमचीच म्हणताना त्यांची बोटं दस्त्यावर आणखी घट्ट झाली.

मुंजाजींनी लेकीकडं पाहिलं. मग त्यांना भुईमूग आठवला असावा.

"न्हाई," ते म्हणाले. "आजच नेणार."

आकांक्षा डबा काढता काढता थांबली. ग्यानोबांनी व्याह्याकडं आज पहिल्यांदाच बघावं तसं पाहिलं. हातानं तोंड पुसून काजळी आणखी पसरवली आणि बंदूक सोडून दिली.

"असं बोलता येतं व्हय तुमाला? मग म्याबी सांगतो. तुमच्या मांडवातली बुंदी दगड व्हती, दगड!"

"तुमची वरात चार घंटे उशिरा आली," सही करता करता मुंजाजी म्हणाले. "बुंदी ताजीच व्हती, तुमीच शिळे होऊन आलते."

"अन् तुमी दिलेलं घड्याळ मागं पडतं."

"घड्याळ बराबर हाय. तुमचं घर पुढं पळून राहिलं."

दोघं लिंबाखाली बसले आणि आठ वर्षांचं सगळं एकमेकांच्या पुढ्यात टाकू लागले. हसता हसता ग्यानोबांना ठसका लागला. मुंजाजींनी त्यांची पाठ थोपटली, आणि थोपटता थोपटता आहेरातल्या धोतराचा विषय काढला.

आकांक्षानं दोघांपुढं भाकरी ठेवली, पदर खोचला आणि ती दोघांच्या मधोमध येऊन बसली.

"मामा, बाबा, झालं तुमचं? आता माहं ऐका."

दोन्ही व्याह्यांनी एकदम भाकरी पुढं ओढली. भीमराजांनी एकदा तिच्या तोंडाकडं पाहिलं, खिशातून कानात घालायच्या कापसाचे चार बोळे काढले आणि दोघांना दोन-दोन वाटून दिले.